वाऱ्याचा वेग आणि खलाशाचे नाव

यंदाच्या व्याख्यानमालेसाठी विषय कळवा, असे चिटणिसांचे सांगणे आले, तेव्हा आम्ही "शिडाचा वेग" एवढेच कळविले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने महागाईवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. शिडाचे त्याला काय, अशी त्यांची शंका. शंका रास्त होती. तिचे उत्तर फोनवर देता येण्यासारखे नव्हते, म्हणून ते येथे देत आहो.

दोन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात आम्ही मालवणास गेलो होतो. देवबागच्या किनाऱ्यावर एक पाहुणा उतरला होता. त्याच्यापाशी एक लांबट फळी, एक डोलकाठी आणि पारदर्शक कापडाचे शीड. विंडसर्फिंग म्हणतात तो हा खेळ. माणूस फळीवर उभा राहतो, शीड हातांनी धरतो आणि वाऱ्यावर पळतो. फळीला सुकाणू नाही. शीड पुढे कलविले की तोंड वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलविले की वाऱ्याकडे. या पाहुण्याच्या मनगटावर उपग्रहाशी बोलणारे घड्याळ होते आणि आपला आजवरचा सर्वांत मोठा वेग ओलांडावयाचा, एवढाच त्याचा ध्यास होता. शर्यत नाही, बक्षीस नाही. कालचा स्वतःचा आकडा हाच प्रतिस्पर्धी.

दुपारी दोनला तो निघाला, तेव्हा पर्यटकांना होडीतून फिरविणारा एक तरुण म्हणाला, "दादा, आता जाव नकात. वारो अजून येवक नाय. चार वाजता येतलो." पाहुण्याने घड्याळात पाहिले. तेथे वाऱ्याचा अंदाज वेगळा होता. तो गेला, आणि अर्ध्या तासाने फळी ओढीत परत आला. चारला पाच मिनिटे कमी असताना वायव्येकडचे पाणी काळसर झाले.

या वायव्येच्या वाऱ्याची ओळख आधी करून दिली पाहिजे. हिवाळा सरत आला की कोकणची जमीन दुपारपर्यंत तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा ती जागा घ्यावयास धावते. हे खारे वारे. रात्री उलटा प्रकार. जमीन लवकर निवते आणि मतलई वारे समुद्राकडे वाहतात. मच्छीमार पहाटे मतलईवर बाहेर पडावयाचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यावयाचे. हे शिकविण्यासाठी शाळा काढावी लागली नाही. जूनपासून नैर्ऋत्येचा पावसाळी वारा, त्याची गोष्टच निराळी. २०२४ च्या ऑगस्टात मालवणच्या राजकोटावरील शिवछत्रपतींचा पुतळा कोसळला, अनावरणाला पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याने तो पडला, असे सरकारतर्फे तेव्हा सांगण्यात आले. समुद्राच्या मापाने हा वारा सुमारे २४ नॉटचा. त्या पाहुण्याला विचारले असते, तर म्हणाला असता, एवढ्या वाऱ्यासाठी मी सुट्टी काढून येतो. वाऱ्यावर दोष ढकलणे सोपे. त्याला युनियन नाही.

याच वायव्येच्या वाऱ्याने खुद्द महाराजांना अडविले होते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, आणि पुढच्याच फेब्रुवारीत महाराज मालवणाहून आरमार घेऊन दक्षिणेस बसरूरवर गेले. ८५ लहान तारवे आणि ३ मोठी जहाजे, असा आकडा ग्रँट डफने दिला आहे. लहान म्हणजे ३० ते १५० टनांची. जाताना वायव्येचा वारा पाठीशी होता. बसरूर लुटले गेले, गोकर्णाचे दर्शन झाले, आणि परतताना तोच वारा तोंडावर आला. जोराच्या वायव्य वाऱ्यामुळे महाराजांचे परतणे बरेच दिवस लांबले आणि एक मोठे जहाज गमवावे लागले, असे डफ लिहितो. आम्ही हे प्रथम वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, कपाटातल्या एका फाटक्या प्रतीत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत; बाकीचे त्या कपाटाने केले. वाचताना मनात आले, की महाराजांचे नाव आहे, लुटीची हकीकत आहे, जहाजांचे टन आहेत. पण तोंडावरच्या वाऱ्यात ती ८५ तारवे नागमोडी चालवीत ज्यांनी परत आणली, ते तांडेल कोण? दौलतखान, मायनाक भंडारी अशी सरदारांची नावे इतिहासात येतात. शिडाची दोरी ज्यांच्या तळव्यांतून गेली त्या गाबीत, कोळी, भंडारी, दालदी माणसांची येत नाहीत.

आणि कसब तर त्यांचेच होते. पुढे आंग्र्यांच्या काळातल्या गुराबांचे व गलबतांचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केले आहे, आणि शत्रूने केलेले असल्यामुळे ते अधिक विश्वासाचे. गुराब दोन वा तीन डोलकाठ्यांची, तीन काठ्यांची असली तर सुमारे ३०० टनांपर्यंत. तिचे पुढचे टोक निमुळते आणि त्यावरून समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत त्याहून लहान, क्वचितच ७० टनांवर. दोन काठ्या, त्यांतली मोठी एक, तिच्यावर भले मोठे तिकोनी शीड. शिवाय ४०-५० वल्ही. वारा मेला तरी वल्ह्यांवर ताशी ४ मैल. ही तारवे पाण्यात फार खोल बसत नसत. इंग्रजांची जड, चौकोनी शिडांची जहाजे वारा पडला की भिंतीसारखी उभी राहावयाची, आणि मग गलबते गुराबांना दोर लावून ओढीत त्यांच्या पिछाडीस नेऊन उभी करावयाची, जेथे इंग्रजी तोफा कमी. वारा उठला आणि प्रसंग अंगाशी आला तर उथळ पाण्यातून खाडीत शिरावयाचे. मालवणच्या बंदराचे तोंड खडकांनी भरलेले आहे. परक्या जहाजाला तो मृत्यू, येथल्या माणसाला तो दरवाजा.

तिकोनी शिडाचे मर्म थोडे सांगितले पाहिजे, कारण त्या फळीचे मर्मही तेच आहे. चौकोनी शीड वाऱ्याचा धक्का पाठीवर घेते. म्हणून ते वाऱ्याहून वेगाने जाऊच शकत नाही. तिरपे धरलेले शीड पक्ष्याच्या पंखासारखे काम करते. वारा त्याच्या दोन्ही अंगांनी वाहतो आणि त्याला पुढे ओढतो. पाण्याखालचा कणा तारवाला बाजूला घसरू देत नाही. नाव जसजशी वेग घेते, तसतसा तिच्या स्वतःच्या चालीचा वारा मूळ वाऱ्यात मिसळतो आणि शिडाला अधिक जोर मिळतो. हलकी फळी पाण्यावर उचलली गेली, की २० नॉटच्या वाऱ्यात ती २५ नॉटने पळू शकते. गलबताला हे साधणे शक्य नव्हते, ते जड होते. पण वाऱ्याला आडवे जाऊन त्याच्याकडून काम करून घ्यावयाचे, ही विद्या तीच.

ते आरमार संपले कसे, तेही पाहा. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. पेशव्यांची फौज त्यांच्या बाजूने जमिनीवरून आली होती, ही लाज आपली आपणच वाहिली पाहिजे. तुळाजी आंग्र्यांच्या गुराबा किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकींना बांधून ठेवलेल्या होत्या. एका जहाजाला आग लागली आणि साऱ्या ताफ्याला ती पोचली. पळणे हाच ज्यांचा गुण, ती तारवे जागच्या जागी जळाली. सुमारे दहा लाख रुपयांची लूट विजेत्यांनी वाटून घेतली. खलाशांच्या वाट्याला काय आले, हे कुठल्या याद्यांत शोधावयाचे?

आमचे वडील खलाशी होते. मालवणच्या एका मालकाच्या मचव्यावर मंगळुरी कौले भरून मुंबईस न्यावयाची, तिकडून किराणा आणावयाचा. पावसाळ्यापूर्वी जितक्या खेपा अधिक तितके पैसे अधिक, म्हणून वेगाशी पोटाचा संबंध होता. फुटलेल्या कौलांचे पैसे मजुरीतून कापले जात. मालकाच्या वहीत खेपा होत्या, कौले होती, फूट होती. वाऱ्याचा रकाना नव्हता. पण वडील एक गोष्ट करीत. मचव्याच्या पुढच्या टोकाशी उभे राहून नारळाचे सोडण पाण्यात टाकीत आणि ते मागच्या टोकाशी येईपर्यंत मोजीत. मचवा चाळीस फुटी. पाच मोजले तर बरी चाल, चार मोजले तर उत्तम. विजयदुर्गच्या पुढे एकदा तीनच मोजून झाले होते, हे ते आम्हांला निदान शंभर वेळा सांगत. पुढे आम्ही कागदावर हिशेब केला. तीन सेकंदांत चाळीस फूट म्हणजे जवळ जवळ आठ नॉट. त्या तीन आकड्यांनी मजुरी एक पैने वाढली नाही. मग ते मोजीत कशासाठी? लहानपणी आम्हांला वाटे, की म्हाताऱ्याला बढाईची हौस. आज वाटते, त्या मचव्यावरची तेवढीच एक गोष्ट त्यांची स्वतःची होती.

युरोपातले दर्यावर्दी हेच करीत, फक्त त्यांच्या दोरीला गाठी असत. लाकडाचा तुकडा दोरीला बांधून पाण्यात सोडावयाचा, २८ सेकंदांची वाळूची घडी उलटी करावयाची आणि तेवढ्यात किती गाठी हातातून गेल्या ते मोजावयाचे. नॉट म्हणजे गाठच. ताशी १.८५२ किलोमीटर.

आता त्या फळीकडे येऊ. तिचा शोध कोणी लावला, यावर विलायतेत कोर्टकचेरी झाली आहे आणि तीत आमच्यासारख्याला फार गोडी वाटते. जिम ड्रेक व हॉइल श्वाइट्झर या दोन अमेरिकनांनी १९६८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. डोलकाठी फळीला हव्या त्या बाजूला वळणाऱ्या सांध्याने जोडावयाची, ही त्यातली गोम. पेटंट मिळाले, धंदा झाला, दुसऱ्या कोणी तशी फळी केली की दावे सुरू. त्यांच्याआधी न्यूमन डार्बी या अमेरिकनाने आपल्या फळीची माहिती १९६५ मध्ये मासिकात छापली होती. पण इंग्लंडातील दाव्यात, १९८५ साली, न्यायालयापुढे आणखी एक नाव आले: पीटर चिल्व्हर्स. १९५८ मध्ये हेलिंग बेटावर, बारा वर्षांच्या या पोराने घरच्या घरी एक फळी व शीड करून पाण्यावर चालविले होते. पोराने हे आधी केलेले आहे, तेव्हा ही कल्पना कोणा एकाची मिळकत नव्हे, असे ठरून ते पेटंट तेथे रद्द झाले. किनाऱ्यावर खेळणाऱ्या पोराची साक्ष कंपनीच्या कागदावर भारी पडली, असे प्रसंग इतिहासात थोडे.

पुढची चाल भराभर झाली. १९८४ मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. १९८६ मध्ये पास्कल माका या फ्रेंच माणसाने ३८.८६ नॉट गाठले आणि शिडाच्या कोणत्याही वाहनाचा विक्रम प्रथमच फळीकडे आला. १९८८ मध्ये एरिक बीलने चाळिशी ओलांडली. २०१५ मध्ये नामिबियातल्या ल्युडेरिट्झ येथे आंत्वान आल्बोने ५३.२७ नॉट नोंदविले, म्हणजे ताशी सुमारे ९९ किलोमीटर. असल्या विक्रमांसाठी किनाऱ्यालगत मुद्दाम कालवे खणतात, लाट उठू नये म्हणून. विक्रमाच्या यादीत चालविणाऱ्याचे नाव असते. कालवा खणणाऱ्यांचे नसते. ही आमची सवय आहे, सुटत नाही. आपल्या देशापुरते पाहिले, तर २०२३ मध्ये होंगचौच्या आशियाई स्पर्धेत ईबाद अलीने या खेळात कांस्यपदक मिळविले. तो कोठे तयार झाला? भोपाळच्या तलावावर. ७२० किलोमीटर किनारा महाराष्ट्राला आणि पदक तलावाला!

याचे कारण वारा नव्हे. खेळाला मोकळा वेळ लागतो, आणि तो वेळ कोणी दान म्हणून दिलेला नाही. मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून, नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेऊन, अर्ज करून मिळविलेली. त्यापूर्वी गिरणीत खेळ हा शब्दच नव्हता. मचव्यावरच्या खलाशाला तर तो रविवारही लाभला नाही. वारा असेल तो कामाचा दिवस. आजही मालवणचा होडीवाला पोरगा हंगामात सकाळपासून सूर्यास्तापर्यंत पर्यटक फिरवितो, आणि पावसाळ्यात होडी वर ओढली की तीन महिने रिकामा. त्याला एकतर वेळ नसतो, नाहीतर पैसा. फळी आणि शीड यांची किंमत त्याच्या हंगामाच्या कमाईला गिळून टाकील. आमच्यातले काही सहकारी म्हणतात, हे श्रीमंतांचे चाळे, त्यांच्याकडे कशाला पाहावयाचे? आम्हांला हे पटत नाही. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आणि आठ तास आपल्या मर्जीचे, ही मागणी आम्ही भिंतीवर रंगविली, तेव्हा त्या तिसऱ्या आठ तासांत माणसाने काय करावे असे आमच्या मनात होते? तेथे वारा आणि शीडही बसते.

तो पाहुणा देवबागला आठवडाभर होता. पहिल्या दिवसानंतर तो घड्याळाला विचारीनासा झाला. होडीवाल्या तरुणाला विचारू लागला, आणि रोज त्याचा आकडा वाढू लागला. त्याच्या बदल्यात, सकाळी होडीला गिऱ्हाईक येण्यापूर्वी, मंद वाऱ्यात त्याने तरुणाला फळीवर उभे केले. पहिल्या दिवशी तो किती वेळा पडला ते आम्ही मोजले नाही. पाचव्या दिवशी दोन नांगरलेल्या होड्यांच्या मधले अंतर तो न पडता गेला. शेवटच्या दिवशी गिऱ्हाइके सोडून तो चार वाजता फळीवर होता. घड्याळ पाहुण्याच्या मनगटावर होते आणि पाहुणा बांधाबांध करीत होता, म्हणून आम्ही वाळूत उभे राहून तोंडाने मोजले, त्याच दोन होड्यांच्या मध्ये. एकतीस. परतताना अठ्ठावीस. मग सव्वीस. आम्ही आकडे खिशातल्या वहीत उतरविले, त्यांच्यापुढे त्याचे नाव व तारीख घातली. तो काठाशी आला, दम खात वहीत डोकावला आणि फळी पुन्हा वळवीत म्हणाला, "काका, परत एकदा मोजा."