सलीम अली आणि पक्षी-संशोधनाच्या खर्चाचा प्रश्न

१/ ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा लाभला. २०२२ मध्येच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) संशोधकांनी इथल्या सहा फ्लेमिंगोंना उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे लावली. त्यांतील एकाचे नाव ठेवले ‘सलीम’. या नावाशी संशोधनाच्या खर्चाचा एक जुना प्रश्न निगडित आहे.

२/ सलीम अली (१८९६–१९८७) यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यामुळे भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागातील पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये दरमहा ३५० रुपयांवर ‘गाइड लेक्चरर’ची नोकरी मिळाली. पुढे अभ्यासरजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शास्त्रीय पक्षिविद्या शिकले.

३/ १९३० मध्ये ते परतले, तेव्हा पैशाअभावी त्यांचे पदच रद्द झाले होते. शिक्षण होते, काम नव्हते. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहू लागले.

४/ तिथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. महिनोन्‌महिने निरीक्षण करून त्यांनी दाखविले की घरटे नर विणतो, मादी ते पारखून पसंत करते आणि मग तोच नर दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे बांधू लागतो. १९३१ मध्ये हा निबंध बीएनएचएसच्या नियतकालिकात आला. या संशोधनाला उपकरणे लागली नाहीत. लागला तो वेळ.

५/ परंतु दूरच्या प्रदेशांत पक्षी शोधायचे तर प्रवास, तंबू, माणसे यांचा खर्च येणारच. सलीम अलींनी बीएनएचएसपुढे प्रस्ताव ठेवला : आपण वेतन घेणार नाही, मोहिमेचा खर्च संस्थानांनी द्यावा. १९३१ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पक्षिसर्वेक्षण असेच सुरू झाले. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. पाठोपाठ त्रावणकोर आणि कोचीनची सर्वेक्षणे झाली.

६/ या व्यवस्थेत एक उणीव होती. विनावेतन काम करणे ज्याला परवडेल, त्यालाच संशोधन शक्य होते. घरचा आधार नसलेल्या हुशार तरुणाला ही वाट बंदच होती.

७/ १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे व माणसे एका अज्ञात तापाने दगावू लागली. स्थलांतरित पक्षी हा विषाणू आणतात काय, हे तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने अर्थसाहाय्य दिले. पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा मोठा प्रकल्प त्यातून उभा राहिला. मुंबई विद्यापीठाच्या मान्यतेने बीएनएचएसमध्ये एम.एस्सी. व पीएच.डी.चे संशोधनही होऊ लागले. ज्यांच्याजवळ पदवी नव्हती, तेच आता पदवीसाठीच्या संशोधनाचे मार्गदर्शक झाले!

८/ १९७० च्या दशकात त्यांना जे. पॉल गेटी वन्यजीव संवर्धन पारितोषिक मिळाले. ती रक्कम त्यांनी स्वतःसाठी न ठेवता ‘सलीम अली निसर्ग संवर्धन निधी’च्या मूळ भांडवलासाठी दिली. स्वतःचे पद पैशाअभावी गमावलेल्या माणसाने पुढच्यांसाठी कायमचा निधी उभा केला.

९/ ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून आज पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाकडे वळणाऱ्यांपुढेही किहीमचाच प्रश्न आहे. खाडीतली भरती-ओहोटी आणि पक्ष्यांचे येणे-जाणे एका हंगामात उमगत नाही. तितकी वर्षे चिखलात उभ्या राहणाऱ्या संशोधकाचा चरितार्थ कोणी चालवायचा?