चित्रपट आणि श्रद्धा

इ. स. २००६ मध्यें ‘दा विंची कोड’ ह्या चित्रपटांत येशूच्या विवाहाची कल्पित कथा आली आणि ख्रिस्ती समाज दुखावला. गोव्यांत चित्रपटावर बंदी आली. सर्वोच्च न्यायालयानें मात्र देशव्यापी बंदीची मागणी फेटाळिली. असा प्रसंग उद्यां बारामती-इंदापुराकडील एखाद्या ख्रिस्ती कुटुंबापुढें आला, तर त्यानें काय करावें?

ह्याचें उत्तर आमच्याच इतिहासांत सांपडतें. १८५७ सालीं मुंबईच्या समुद्रकिनारीं विष्णुबुवा ब्रह्मचारी ख्रिस्ती मतावर सर्वांसमक्ष कठोर आक्षेप घेत. मिशनरी तेथें जाऊन त्यांस उत्तरें देत. पुढें जॉर्ज बोएन ह्या मिशनऱ्यानेंच तो वादविवाद इंग्रजींत छापून काढिला.

ते मिशनरी राज्यकर्त्यांचे धर्मबंधु होते, आजचा ख्रिस्ती अल्पसंख्य आहे, हा भेद आम्ही विसरत नाहीं. म्हणून त्याची वेदना शेजाऱ्यांनींही जाणली पाहिजे. तथापि बंदीनें शंका मिटत नाहीं, ती केवळ दबते. चित्रपट न पाहण्याचा हक्क प्रत्येकास आहेच. परंतु त्यांतील असत्य लेखणीनें उघडें करणें हें बंदी मागण्याहून श्रेयस्कर, असें आमचें मत आहे.