पाठ केलेला प्रश्न आणि विचारलेला प्रश्न : गोव्याची पहिली छापील ख्रिस्ती पुस्तके

मागे बसलेल्यांना आवाज नीट येतोय ना? बरं, मग सुरुवात करू.

पहिल्यांदा एक विचारतो. शाळेत असताना फादर स्टीफन्सच्या ओव्या किती जणांनी वाचल्यात? मराठी भाषेच्या थोरवीच्या त्या ओव्या. बघा, जवळजवळ सगळे हात वर आहेत. दरवर्षी २७ फेब्रुवारीला त्या आपल्या फोनवर येतात आणि आपण पुढे पाठवतो. आता दुसरा प्रश्न. त्या ओव्या ज्या ग्रंथात आहेत, त्यात पुढे काय आहे? तो कशासाठी लिहिला गेला, कोणासाठी छापला गेला? आता हात खाली गेले. यात तुमचा दोष नाही. आपल्याला ते पान फाडूनच दिलं गेलं. आज मला त्या फाटलेल्या पानाच्या मागचं पुस्तक आणि त्या पुस्तकाच्या शेजारचं एक छोटं पुस्तक, या दोन्हींविषयी बोलायचं आहे.

छापखाना आला कसा

हिंदुस्थानात पहिला छापखाना आला तो सप्टेंबर १५५६ मध्ये, गोव्याला. गंमत म्हणजे तो आपल्यासाठी आलाच नव्हता. जेझुइट पाद्र्यांची एक तुकडी अ‍ॅबिसीनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला निघाली होती. तिचं सामान गोव्यात उतरलं, पुढचा प्रवास रखडला आणि यंत्र इथेच राहिलं. जुआन द बुस्तामान्ते नावाच्या मुद्रकाने ते चालवलं.

पुढच्याच वर्षी, १५५७ साली, त्यावर फ्रान्सिस झेवियरची प्रश्नोत्तरी छापली गेली. झेवियर तेव्हा हयात नव्हता. पण १५४२ मध्ये गोव्यात आल्यावर हातात घंटा घेऊन तो रस्त्यांवरून फिरायचा, मुलांना आणि गुलामांना गोळा करायचा आणि त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घ्यायचा. आधी घंटा, मग तोंडपाठ आणि सगळ्यात शेवटी छापील पुस्तक, हा क्रम लक्षात ठेवा. ही पुस्तकं एकट्याने बसून वाचायला छापलेली नव्हती. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी त्यामागून म्हणायचं, यासाठी ती छापली गेली होती. संध्याकाळचा परवचा ज्यांच्या घरी झालाय, त्यांना हे समजावून सांगायला नको.

युरोपातही तेव्हा हेच चाललं होतं. ट्रेंट इथली धर्मपरिषद १५४५ ते १५६३ अशी अधूनमधून भरत राहिली आणि १५६६ मध्ये रोमची अधिकृत प्रश्नोत्तरी निघाली. आईबापांचा मान राख, ही चौथी आज्ञा. त्या पुस्तकात तिचा अर्थ घरापुरता ठेवलेला नाही. बिशप, पाद्री, राजा, अधिकारी हे सगळे त्या 'आईबापां'त येतात. म्हणजे मूल जेव्हा चौथी आज्ञा पाठ करतं, तेव्हा ते नकळत राज्यव्यवस्थाही पाठ करत असतं.

सासष्टी

गोव्यातली परिस्थिती काय होती? १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन बसलं आणि ते १८१२ पर्यंत टिकलं. १५६७ मध्ये सासष्टीतली देवळं पाडली गेली. त्याच वर्षीच्या धर्मसभेने जुन्या धर्माच्या आचारांवर बंधनं घातली, पोथ्याही त्यातून सुटल्या नाहीत. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं आणि त्याचा सूड भयंकर झाला. हे बाजूला ठेवून ओव्यांची गोडी सांगता येत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या पाद्र्यांनी जप्त केलेल्या सगळ्याच पोथ्या जाळल्या नाहीत. काही त्यांनी रोमन लिपीत उतरवून घेतल्या, अभ्यासासाठी. रामायण-महाभारतातल्या कथांची अशी हस्तलिखितं पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात सापडली. सासष्टीतल्या केळशीच्या कृष्णदास शामाचं कृष्णचरित्र तिथूनच आपल्या अभ्यासकांच्या हाती आलं. ज्याने पोथी हिसकावली त्यानेच तिची नक्कलही केली. इतिहासात एकाच हाताने केलेली अशी दोन कामं पुष्कळदा भेटतात, आणि एक सांगून दुसरं गाळायचा मोह होतो. तो आवरायला हवा.

थॉमस स्टीफन्स

या मुलखात २४ ऑक्टोबर १५७९ रोजी थॉमस स्टीफन्स उतरला. जन्म १५४९ चा, इंग्लंडच्या विल्टशरमधला. त्याच्या देशात तेव्हा कॅथलिक असणं हाच धोका होता, म्हणून तो रोमला जाऊन जेझुइट झाला. हिंदुस्थानात येऊन राहिलेला, आपल्याला नावानिशी माहीत असलेला हा पहिला इंग्रज. उरलेली चाळीस वर्षं त्याने इथेच काढली, तीही बहुतेक सासष्टीत. १६१९ साली तो वारला.

त्याचा कान विलक्षण होता. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं आहे की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते. विल्यम जोन्सने संस्कृतबद्दल तेच सांगून जगाला चकित केलं ते १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे तीन वर्षांनी.

या माणसाची दोन पुस्तकं आज आपल्यासमोर आहेत.

पहिलं छोटं, 'दौत्रिना क्रिस्तां'. ते १६२२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, रायतूरच्या जेझुइट महाविद्यालयात छापलं गेलं. कोकणीतलं हे पहिलं छापील पुस्तक. मुलांना शिकवण्यासाठी संवादाच्या रूपात रचल्याचं त्याच्या शीर्षकातच सांगितलं आहे. मूळ पोर्तुगीज प्रश्नोत्तरी मार्कुश जॉर्जची, तिच्यावरून हे बेतलेलं. क्रुसाची खूण, प्रार्थना, दहा आज्ञा, पापं, संस्कार असं सगळं प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर या चालीने जातं.

इथे जरा थांबू या. हा कसला प्रश्न आहे? त्याचं उत्तर त्याच्या खालीच छापलेलं आहे. ते एकच आहे आणि तेच म्हणायचं आहे. विचारणाऱ्याला काही जाणून घ्यायचं नाही, उत्तर देणाऱ्याला काही ठरवायचं नाही. याला मी पाठ केलेला प्रश्न म्हणतो. आज्ञापालन शिकवायचा हा सगळ्यात सोपा मार्ग. मुलाला गप्प बसवायचं नाही. उलट त्याला बोलायला लावायचं, फक्त शब्द आपले द्यायचे.

दुसरं पुस्तक

दुसरं मोठं. 'क्रिस्तपुराण', १६१६, रायतूर. सुमारे अकरा हजार ओव्या आणि दोन भाग. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारातली कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र. भाषा मराठी, पण अवघड शब्द टाळून त्यात कोकणीतले सोपे शब्द मिसळलेले. ही निवड त्याने समजून उमजून केली आणि प्रस्तावनेत तसं सांगितलंही.

हे पुराण लिहिलं गेलं कशामुळे? याचं उत्तर पहिल्याच अवस्वरात, म्हणजे अध्यायात आहे. इगर्जीत धर्माची शिकवण चालू असताना नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्र्याला विचारतो. माझ्या शब्दांत सांगतो. तुम्ही शिकवता ते ठीक आहे. पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही?

आता हा प्रश्न त्या छोट्या पुस्तकातल्या प्रश्नांशेजारी ठेवून बघा. याचं उत्तर खाली छापलेलं नाही. हा विचारलेला प्रश्न आहे. त्यात नम्रता आहे आणि तक्रारही आहे. माणूस बाप्तिस्मा घेऊन आला, आज्ञा मान्य केल्या, आणि तरी म्हणतो की तुम्ही माझं काहीतरी घेतलंत. त्याला नुसती प्रश्नोत्तरी पुरत नाही. त्याला कथा हवी, ओवी हवी, चार जणांत बसून ऐकायची रात्र हवी. हा ब्राह्मण प्रत्यक्ष भेटलेला असो नाहीतर कवीने योजलेला असो, त्याची तक्रार चर्चच्या परवानगीने, चर्चच्या छापखान्यात, चर्चच्या पुस्तकाच्या आरंभी छापली गेली.

आणि उत्तर द्यायला पाद्र्याला स्वतःला शिष्य व्हावं लागलं. एकनाथ १५९९ मध्ये गेले, म्हणजे स्टीफन्स इथे आल्यावरही वीस वर्षं ते हयात होते. ज्ञानेश्वरांपासून त्यांच्यापर्यंत घोटलेली ओवी याने उचलली. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं. क्रूस, इगर्ज असे थोडे शब्द तसेच ठेवले. ज्या परंपरेला मोडायचं, तिच्याच ओट्यावर बसून कीर्तन करावं लागलं. आज्ञा त्याची, पण घाट ऐकणाऱ्यांचा. रविवारी आणि सणांना हे पुराण इगर्जीत वाचलं जाई.

सहाशे खिळे

एक अडचण मात्र सुटली नाही. हे सगळं छापलं गेलं रोमन लिपीत. स्टीफन्सला ते सलत होतं. १६०८ मध्ये रोमच्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की इथल्या लिपीत पुस्तकं छापावीत अशी माझी फार वर्षांची इच्छा आहे. पण युरोपात चोवीस अक्षरांवर भागतं, इथे सहाशे साचे लागतील. मलबारात हे जमलं होतं. कोल्लमला १५७८ मध्ये तमिळ अक्षरांत प्रश्नोत्तरी छापून झाली होती. आपल्याकडे नागरी खिळे पाडून मराठीचं व्याकरण छापलं विल्यम कॅरीने, १८०५ साली, तेही बंगालात सेरामपूरला. त्याच वर्षी मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली गेली. मधली दोनशे वर्षं आपली ओवी परक्या अक्षरांत किंवा हाताने लिहिलेल्या पोथीत राहिली.

पुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या, १६१६, १६४९ आणि १६५४. आज त्यातली एकही छापील प्रत उपलब्ध नाही. मग ग्रंथ वाचला कसा? हाताने केलेल्या नकलांमुळे. कानडा किनाऱ्यावर जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या जपल्या. त्यांवरून १९०७ मध्ये मंगळूरला सालदान्यांनी तो पुन्हा छापला. नागरी लिपीतली आवृत्ती शांताराम बंडेलूंनी संपादित केली आणि १९५६ मध्ये ती आपल्या पुण्यातच, प्रसाद प्रकाशनाने काढली.

इकडे गोव्यात काय झालं? १६८३ च्या अखेरीस संभाजीराजे गोव्यावर चालून गेले. त्यानंतर काही महिन्यांत, २७ जून १६८४ रोजी, व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होरने हुकूम काढला की इथल्या लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. त्यामागे आग्रह फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा. ज्या चर्चमधल्या एका पंथाने मराठीत पुराण रचलं, त्याच चर्चमधल्या दुसऱ्या पंथाला ती भाषाच नको होती. हुकूम पुरता अमलात आला नाही. माणसं घरात काय बोलतात ते हुकमाने ठरत नाही. पण ग्रंथनिर्मितीचा कणा मोडला, छपाई थंडावली आणि १८२१ पर्यंत गोव्यात पुन्हा छापखाना उभा राहिला नाही.

पुण्यातला एक विद्यार्थी

आता शेवटची गोष्ट, आपल्या गावातली. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांची दुसरी लाट आली, या वेळी प्रॉटेस्टंट. अमेरिकन मिशनने १८१७ मध्ये मुंबईत मराठी पुस्तिका छापायला सुरुवात केली. शाळा निघाल्या. पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ मध्ये एक मुलगा दाखल झाला. त्याचं नाव जोतीराव फुले.

१८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिली. तिची रचना कशी आहे? धोंडीबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात. १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर निघालेलं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक'ही प्रश्नोत्तरांचंच. ही रचना त्यांनी प्रश्नोत्तरीवरूनच उचलली, असा दावा मी करणार नाही. गुरुशिष्यसंवाद आपल्याकडे जुना आहे. पण त्या काळातल्या पुण्यात धर्माचं छापील पुस्तक म्हणजे सवाल आणि जवाब, ही ओळख लोकांना झालेली होती. आणि फुल्यांचा धोंडीबा आधी पाठ केलेलं म्हणून दाखवत नाही. तो शंका काढतो, अडतो, पुन्हा विचारतो. जो घाट आज्ञा पाठ करून घ्यायला वापरला जायचा, तोच इथे आज्ञा तपासायला वापरला गेला.

म्हणून मला वाटतं, या पुस्तकांकडे दोन ठरीव नजरांनी बघणं सोडायला हवं. 'एका गोऱ्या पाद्र्याने आपल्या मराठीची थोरवी गायली', ही एक. 'ते नुसतं बाटवायचं हत्यार होतं', ही दुसरी. पहिलीला सासष्टीतली पडलेली देवळं दिसत नाहीत. दुसरीला तो ब्राह्मण दिसत नाही, ज्याने सगळं गमावल्यावरही आपल्या भाषेतलं पुराण मागून घेतलं. माझ्या मते त्या ग्रंथाचं श्रेय अर्धं स्टीफन्सचं आहे आणि अर्धं त्या मागणाऱ्याचं. पुढच्या २७ फेब्रुवारीला त्या ओव्या पाठवाल, तेव्हा सोबत त्याचा प्रश्नही पाठवा.

माझं बोलणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. एकच विनंती आहे, पाठ केलेले नकोत.