कर्णशंबूक-रोपण : बालवयातील निर्णयाचा इतिहास

अंतर्कर्णातील गोगलगाईच्या शंखासारख्या वेटोळ्या नलिकेस कर्णशंबूक म्हणतात. या नलिकेत विद्युत् अग्रे बसवून श्रवणतंत्रिकेला (ऐकण्याच्या मज्जातंतूला) प्रत्यक्ष विद्युत् उद्दीपन देण्याच्या उपायास कर्णशंबूक-रोपण अशी संज्ञा असून व्यवहारात ‘कॉक्लिअर इम्प्लांट’ हे नाव रूढ आहे. कानामागे लावलेले बाह्य यंत्र आवाज टिपून त्याचे संकेतांत रूपांतर करते. हे संकेत कातडीखाली बसविलेल्या ग्राहकामार्फत विद्युत् अग्रांपर्यंत पोहोचतात. श्रवणयंत्र केवळ ध्वनीचे वर्धन करते; रोपण मात्र नष्ट झालेल्या केशकोशिकांना वगळून त्यांचे कार्य स्वतः करते. प्रौढपणी बहिरेपणा आलेल्या व्यक्तीस भाषा आधीच अवगत असते. जन्मतः बहिऱ्या बालकास ती या नव्या संवेदनेच्या आधारेच शिकावयाची असते. त्यामुळे बालकांच्या बाबतीत रोपण करावे की नाही, या प्रश्नाइतकाच ते कोणत्या वयात करावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

पूर्वपीठिका : इटालियन भौतिकीविज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी स्वतःच्या दोन्ही कानांत धातूच्या सळ्या घालून त्यांतून विद्युत् प्रवाह सोडला व उकळत्या पातळ पदार्थासारखा आवाज ऐकल्याची नोंद १८०० मध्ये केली. १९५७ मध्ये पॅरिस येथे आंद्रे जुर्नो व शार्ल एरिएस यांनी एका बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणतंत्रिकेस विद्युत् अग्राद्वारे उद्दीपन दिले. लॉस अँजेल्स येथे विल्यम हाउस यांनी १९६१ पासून या दिशेने प्रयोग केले. त्यांचे साधन एकमार्गी होते. त्यामुळे आवाजाची चाहूल, लय व तीव्रता कळे. पण केवळ ऐकून बोलणे समजणे बहुधा शक्य होत नसे. बहुमार्गी साधनांचे रोपण व्हिएन्ना येथे इंगेबोर्ग व एर्विन होखमायर यांच्या प्रयत्नांतून १९७७ मध्ये आणि मेलबर्न येथे ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये केले. ब्लेक विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकेत-संस्करणाच्या पद्धतीमुळे शब्दांचे आकलन पुष्कळच सुधारले. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर व विल्सन यांना २०१३ मध्ये लास्कर पारितोषिक देण्यात आले.

बालकांवरील पहिली रोपणे : हाउस यांनी १९८० च्या सुमारास मुलांवर रोपण सुरू केले, तेव्हा अनेक तज्ञांनी त्यास विरोध केला. या आक्षेपांत तथ्य होते. विद्युत् अग्रे बसविताना उरलेसुरले श्रवण नष्ट होण्याचा संभव होता. कवटीची वाढ अपुरी असताना तारा ताणल्या जातील व लहान मुलांत वारंवार होणारा मध्यकर्णाचा संसर्ग आत पसरेल, अशी भीती होती. तान्ह्या मुलास किती ऐकू येते, हे खात्रीने सांगता येत नव्हते. शिवाय प्रौढ रुग्ण आपल्या संमतीने धोका पत्करतो. बालकाच्या वतीने तो दुसऱ्यांनी पत्करावयाचा असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८४ मध्ये हाउस यांच्या साधनास मान्यता दिली, ती केवळ प्रौढांसाठी. २ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी बहुमार्गी साधनास मान्यता मिळण्यास १९९० साल उजाडले.

वयोमर्यादा खाली येण्याची कारणे : ही मर्यादा १९९८ मध्ये १८ महिने, २००० मध्ये १२ महिने व २०२० मध्ये एका उत्पादकाच्या साधनापुरती ९ महिने झाली. या बदलामागे तीन स्वतंत्र प्रवाह होते.

पहिला प्रवाह मेंदूच्या विकासासंबंधीच्या ज्ञानाचा. एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ मध्ये भाषाग्रहणास जैव दृष्ट्या अनुकूल असा मर्यादित काळ असतो, असे प्रतिपादन केले. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझल यांनी मांजरीच्या पिलांवरील प्रयोगांतून दृष्टीच्या बाबतीत असा काळ दाखवून दिला. श्रवणासंबंधीचा पुरावा रोपण झालेल्या मुलांकडूनच मिळाला. अनू शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये १०४ मुलांच्या मेंदूतील विद्युत् प्रतिसादांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सु. साडेतीन वर्षांच्या आत रोपण झालेल्या मुलांत प्रतिसादाचा वेग वयानुरूप पातळीवर येत होता; सात वर्षांनंतर रोपण झालेल्यांत तो बहुधा तसा येत नव्हता. मधल्या वयातील निष्कर्ष संमिश्र होते.

दुसरा प्रवाह निदानाचा. बाळाच्या सहकार्याशिवाय श्रवण मोजता येईपर्यंत पहिल्या वर्षातील रोपणाचा विचारच संभवत नव्हता. मस्तिष्क-स्तंभाच्या विद्युत् प्रतिसादांची चाचणी १९७० नंतर विकसित झाली. निरोगी अंतर्कर्ण स्वतःही क्षीण ध्वनी उत्सर्जित करतो, हे डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये दाखविले आणि त्यातून नवजातांची चाळणी करण्यास सोपी अशी दुसरी चाचणी निघाली. क्रिस्टीन योशिनागा-इटानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये कोलोरॅडोतील मुलांच्या अभ्यासावरून असे दाखविले, की सहा महिन्यांच्या आत बहिरेपणा लक्षात येऊन उपाय सुरू झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा सरस होती. पुढे एका महिन्यात चाळणी, तीन महिन्यांत निदान व सहा महिन्यांत उपाय हे सूत्र सर्वत्र मान्य झाले.

तिसरा प्रवाह शस्त्रक्रियेच्या अनुभवाचा. जन्माच्या वेळीच कर्णशंबूक प्रौढाच्या आकाराचे असते. कवटी वाढते, ती बाहेरून. म्हणून तारेस पुरेशी ढिलाई ठेवली की वाढीची अडचण दूर होते. भूल देण्यातील धोका अनुभवी बालभूलतज्ञ असलेल्या ठिकाणी बराच कमी झाला. तथापि २००२ मध्ये रोपण झालेल्या काही मुलांना मस्तिष्कावरणशोथ झाल्याचे आढळले व एका विशिष्ट रचनेच्या विद्युत् अग्रांमुळे हा धोका अधिक वाढतो, असे निष्पन्न झाले. तेव्हापासून रोपणापूर्वी न्यूमोकॉकसविरोधी लस देण्यावर भर दिला जातो. उलटपक्षी, याच रोगामुळे बहिरेपणा आलेल्या मुलाच्या कर्णशंबूकात हाड तयार होऊन मार्ग बंद होऊ शकतो. अशा वेळी रोपण तातडीचे ठरते व वयाचा सर्वसाधारण नियम बाजूला ठेवावा लागतो.

लाभाची मर्यादा : जॉन निपार्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सहा केंद्रांमधील १८८ मुलांचा तीन वर्षे मागोवा घेऊन २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १८ महिन्यांच्या आत रोपण झालेल्या मुलांची भाषिक प्रगती सर्वांत चांगली होती. पण वय हे एकमेव कारण नव्हते. रोपणापूर्वीचे अवशिष्ट श्रवण, आईवडिलांचा मुलाशी असलेला संवाद व कुटुंबाची आर्थिक स्थिती यांचाही संबंध दिसून आला. श्रवणतंत्रिका अविकसित असल्यास अगदी लवकर केलेले रोपणही फारसे उपयोगी पडत नाही. याच कारणास्तव रोपणापूर्वी काही महिने श्रवणयंत्र वापरून त्याचा उपयोग किती होतो हे पाहणे व तंत्रिकेची प्रतिमा घेणे आवश्यक मानले जाते.

बधिर समाजाचा आक्षेप : अमेरिकेतील बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ मध्ये मुलांवरील रोपणास दिलेल्या मान्यतेचा निषेध केला. बहिरेपणा हा केवळ दोष नसून खुणांची भाषा बोलणाऱ्या समाजाची ती ओळख आहे व संमती देऊ न शकणाऱ्या बालकावर असा निर्णय लादू नये, अशी तिची भूमिका होती. २००० मध्ये संघटनेने ही भूमिका सौम्य केली व पालकांचा निर्णयाधिकार मान्य केला. मूल स्वतः निर्णय घेण्याच्या वयाचे होईपर्यंत थांबल्यास बोलीभाषेची संधी बव्हंशी निघून गेलेली असते. त्यामुळे थांबणे हाही एक निर्णयच ठरतो. मात्र या वादातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. रोपणाची वाट पाहण्यात किंवा त्याच्या यशाची खात्री होण्यात मुलाची जी वर्षे जातात, त्यांत त्याला कोणतीच भाषा न मिळाल्यास होणारी हानी भरून काढणे कठीण असते. म्हणून रोपणाबरोबरच खुणांची भाषाही द्यावी, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यामुळे बोलण्यावर काय परिणाम होतो, याविषयी मात्र मतभेद आहेत.

भारतातील स्थिती : मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रातील प्रमुख संस्था होय. केंद्र शासनाच्या अपंगांना साधने पुरविणाऱ्या योजनेत २०१४ पासून कर्णशंबूक-रोपणाचा समावेश झाला व ही संस्था तीत समन्वयक ठरली. केरळने ‘श्रुतितरंगम’ ही योजना २०१२ मध्ये सुरू केली. बालकांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला. तपासावयाच्या विकारांत बहिरेपणाही आहे. तथापि नवजातांची श्रवणचाळणी सर्वत्र होत नाही. ‘उशिरा बोलेल’ या समजुतीने बहिरेपणाकडे दुर्लक्ष होते व मूल तज्ञापर्यंत पोहोचते तेव्हा उपयुक्त काळाचा मोठा भाग संपलेला असतो. रोपणानंतर काही वर्षे नियमित श्रवण-वाचा प्रशिक्षण, बाह्य यंत्राची दुरुस्ती व सुटे भाग यांची गरज असते. प्रशिक्षण केंद्र दूर असलेल्या कुटुंबास यांचा खर्च व प्रवास झेपला नाही, तर मोफत शस्त्रक्रियेचाही लाभ राहत नाही.

नवा प्रश्न : ओटोफर्लिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे आलेल्या जन्मजात बहिरेपणावर शांघाय येथे जनुकोपचार करण्यात आले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार सहांपैकी पाच मुलांचे श्रवण सुधारले. हा दोष बहिरेपणाच्या अल्प प्रमाणातील रुग्णांतच आढळतो. तरीही त्यामुळे रोपण ताबडतोब करावे, की अधिक चांगल्या उपायासाठी थांबावे, हा १९८० च्या सुमारास विचारला गेलेला प्रश्न निराळ्या स्वरूपात पुन्हा उपस्थित झाला आहे. बहुसंख्य बालकांच्या बाबतीत त्याचे उत्तर निदान किती लवकर होते, यावर अवलंबून आहे.