सहा पेन्सची पेटी



आपल्या गटाची बैठक म्हटली की आधी पेटी येते, मग वही उघडते. कोणी किती भरले, कोणाचे किती बाकी, सगळं ज्याच्या त्याच्या नावापुढे. आज मी अशाच एका पेटीची गोष्ट सांगणार आहे. ती अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात १६५७ साली सुरू झाली. पण तिच्यापर्यंत पोचायला आधी एक लढाई आणि एक जहाज ओलांडावं लागेल. गोष्ट जड आहे, तरी शेवटपर्यंत ऐका.

इंग्लंड आणि स्कॉटलंड एकाच बेटावरचे शेजारी. १६४९ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटवाल्यांनी आपल्या राजाचा शिरच्छेद केला. स्कॉटलंडने त्याच्या मुलाला राजा मानलं. मग इंग्लंडचा सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल फौज घेऊन स्कॉटलंडवर चालून गेला. ३ सप्टेंबर १६५० रोजी डनबार गावाजवळ पहाटे लढाई झाली आणि स्कॉटिश फौज पार मोडली. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज वीस वर्षांचे होते, म्हणजे काळ लक्षात येईल.

क्रॉमवेलने कळवलं की १०,००० माणसं कैद झाली. त्यातले जखमी आणि आजारी बरेचसे सोडून दिले. उरलेल्या हजारोंना दक्षिणेकडे डरहॅम गावापर्यंत पायी हाकललं. अंतर साधारण १६० किलोमीटर. वाटेत खायला जवळजवळ काही नाही. मॉर्पेथ नावाच्या गावी त्यांना एका कुंपणाच्या बागेत कोंडलं, तर भुकेल्या पोरांनी तिथला कोबी कच्चाच, मुळांसकट, मातीसकट खाल्ला. पोटं बिघडली. कित्येक वाटेतच पडले.

डरहॅमला त्यांना तिथल्या भल्यामोठ्या चर्चमध्ये डांबलं. आत जाताना मोजणी झाली, ती ३,००० च्या वर गेली नाही. त्यांच्यावर देखरेख असलेला अधिकारी आर्थर हेझलरिग याने ३१ ऑक्टोबरला वरिष्ठांना पत्र लिहिलं. त्यात आकडा आहे: सुमारे १,६०० मेले. दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. बहुतेक हगवणीने गेले. पत्रात आकडे आहेत, नावं नाहीत.

जगले त्यांचं काय करायचं? सोडले तर पुन्हा लढतील, ठेवले तर खायला घालावं लागेल. त्याच वेळी समुद्रापलीकडे अमेरिकेत इंग्रजांच्या नव्या वसाहतीत कामाला माणसं मिळत नव्हती. लंडनच्या काही व्यापाऱ्यांनी तिथे लोखंडाच्या भट्ट्या काढल्या होत्या. दोन्ही गरजा जुळल्या. १५० कैदी 'युनिटी' नावाच्या जहाजावर चढवले आणि वर्षाअखेरीस ते बॉस्टनला उतरले. एका माणसाच्या प्रवासाचा खर्च सुमारे ५ पौंड, आणि विकला गेला २० ते ३० पौंडांना. नफा किती, तो तुम्हीच काढा.

बरोबर एक वर्षाने, ३ सप्टेंबर १६५१ ला, वुस्टर इथे स्कॉटिश फौज पुन्हा हरली. या वेळी 'जॉन अँड सारा' या जहाजातून २७२ कैदी पाठवले. त्या जहाजाची मालाची नोंद आजही उपलब्ध आहे. तिच्यात लोखंडी सामान, घरसामान, वसाहतीतल्या शेतकऱ्यांसाठी लागणाऱ्या वस्तू, आणि त्याच ओळीत स्कॉटिश कैदी. त्यांची नावं या वेळी लिहिली खरी, पण ती मालाची यादी म्हणून.

पहिल्या जहाजातले साठेक जण सॉगसच्या लोखंड कारखान्याकडे गेले. भट्टीला कोळसा लागतो आणि कोळशाला लाकूड. म्हणून त्यातल्या अनेकांच्या वाट्याला जंगलतोड आली. काही उत्तरेकडे आजच्या मेन राज्यातल्या लाकडाच्या गिरण्यांवर गेले.

बॉस्टनचे धर्मगुरू जॉन कॉटन यांनी १६५१ मध्ये क्रॉमवेलला लिहिलं की यांना कायमचं गुलाम म्हणून विकलेलं नाही, सहा, सात किंवा आठ वर्षांच्या चाकरीवर ठेवलंय. ज्या मालकाने सगळ्यात जास्त माणसं घेतली, तो चार जणांना एक घर बांधून देतो, थोडी जमीन देतो, आणि आपले पैसे फिटले की सोडून देईन म्हणतो. ऐकायला बरं वाटतं. पण हे मालकाच्या बाजूच्या माणसाचं लिहिणं आहे. आणि एक बघा, जे पैसे फेडायचे ते त्या कैद्याने कधी घेतलेच नव्हते. त्याच्याच विक्रीची किंमत त्याच्याच डोक्यावर कर्ज म्हणून बसली!

इथे एक फरक नीट समजून घ्या. स्कॉटिश माणसाच्या चाकरीला शेवट होता. त्याच वसाहतीत १६४१ पासून गुलामगिरीला कायद्याने जागा होती, आणि आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या गुलामगिरीला अशी मुदत नव्हती. स्कॉटिश माणूस मुदत संपवून सुटला, जमीन घेतली, लग्न केलं. मेनमधल्या यॉर्क गावाच्या एका भागाला स्कॉटलंड हे नाव पडलं, बर्विकच्या एका वस्तीला जहाजावरून युनिटी. आफ्रिकी माणसाला ती वाट मोकळी नव्हती. दोन्ही दुःखं एका मापाने मोजू नयेत.

आता पेटीकडे येऊ. मुदत संपलेला माणूस सुटतो, पण हातात काय? आजारी पडला, मेला, तर विचारणारं कोण? ६ जानेवारी १६५७ रोजी बॉस्टनमधले काही स्कॉटिश लोक एकत्र आले. आपल्यातल्या अडलेल्याला मदत करायची म्हणून त्यांनी एक पेटी केली. येताना किमान १२ पेन्स, नंतर दर तीन महिन्यांनी ६ पेन्स. एका पौंडाचे २४० पेन्स होत. म्हणजे २० पौंडाला विकलेल्या माणसाची किंमत ४,८०० पेन्स, आणि त्या माणसाच्या मदतीला निघालेली वर्गणी ६ पेन्स. पण ती कोणी लादलेली नव्हती, आपण होऊन भरलेली होती. मध्ये हे काम ढिलं पडलं, १६८४ मध्ये पुन्हा उभं केलं. स्कॉट्स चॅरिटेबल सोसायटी या नावाने ती संस्था आजही चालू आहे.

आणि डरहॅमला राहिलेले? २०१३ मध्ये त्या चर्चजवळ एका इमारतीचं बांधकाम चालू असताना जमिनीत हाडं निघाली. अभ्यासकांनी दोन वर्षं तपासून सांगितलं की हे डनबारचे कैदी आहेत. बहुतेक १३ ते २५ वर्षांचे. तेरा वर्षांचं पोर! २०१८ मध्ये त्यांना डरहॅममध्येच पुन्हा मातीत ठेवलं. नावं अजून सापडलेली नाहीत. घरी वाट पाहणाऱ्या त्यांच्या आयांची नावं तर कुठल्याच कागदावर नाहीत.

म्हणून सांगते, वहीला कमी समजू नका. दुसऱ्याच्या वहीत आपण नुसता आकडा असतो. आपल्या वहीत आपलं नाव असतं आणि त्यापुढे आपली सही. आपल्या गटात कोणाच्या घरचं माणूस उचल घेऊन कामाला गेलं असेल, तर पुढच्या बैठकीत तिला चार गोष्टी विचारा: उचल किती, फिटली किती, मुदत कधी संपते, कागद कोणाजवळ आहे. उत्तरं वहीत लिहून ठेवा, तिच्या नावापुढे.