उन्हाळा, रांजण आणि पाणपोई



चैत्र संपत आला की सोलापुरात दोन कामं घरोघरी निघतात. कूलरच्या ताट्या बदलायच्या आणि कुंभारवाड्यातून नवा माठ आणायचा. यंदा माठ ठेवायला वाळू चाळत होते, तेव्हा शेजारची नवी सून विचारत होती, "काकू, पंखेसुद्धा नव्हते तेव्हा लोक कसे हो राहत असतील इथं?" तिला वेळेपुरतं उत्तर दिलं, "घरंच गार होती गं." उत्तर खरं आहे, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं सांगायला एवढी जागा लागणार म्हणून हा लेख.

आधी घराबद्दल. आमच्या भागातली जुनी घरं माळवदाची. जाड भिंती, लाकडी तुळया, वर फळ्या आणि त्यावर हातभर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाची धग त्या मातीतून आत उतरायला इतका वेळ लागे की ती माजघरात पोचेपर्यंत दिवस कललेला असे, आणि तोवर माणसं माळवदावर झोपायला गेलेली असत. संध्याकाळी वर पाणी शिंपडायचं, अंथरुणं घालायची, पहाटे अंग गार पडलं की चादर ओढायची. खिडक्या थोड्या आणि लहान, उजेड वरच्या झरोक्यातून. दुपारी बारा ते चार दार लोटलेलं. यात जादू काही नाही. मातीला तापायला वेळ लागतो आणि निवायलाही लागतो, एवढंच.

पण त्या घरातली सगळ्यात गार जागा माजघर, आणि तिथं दुपारी आडवी होत ती पुरुषमाणसं आणि पोरं. बायका चुलीपाशी. जुन्या वाड्यांच्या गारव्यावर कौतुकाने लिहिणारे बहुतेक जण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीच थांबतात. त्यात भर म्हणजे पापड, कुरडया, सांडगे, शेवया, वर्षाचं तिखट ही सगळी कामं नेमकी चैत्र-वैशाखातली, कारण त्यांना कडक ऊनच हवं. भर दुपारी माळवदावर चढून कुरडया उलटायच्या. उन्हात जाऊ नका म्हणणाऱ्या घरातच हे काम चालायचं आणि त्याला कुणी उन्हात जाणं म्हणत नसे. माझ्या आजीच्या तळपायांना वैशाखात फोड असायचे. तिने ते कधी सांगितले नाहीत, आम्हाला ते तेल लावताना दिसायचे.

आता पाणी. माठातलं पाणी गार का होतं हे आपल्याला माहीत असतं, तरी एकदा सांगते. मातीच्या छिद्रांतून पाणी बाहेर पाझरतं, त्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता निघून जाते. म्हणून कोरड्या हवेत माठ उत्तम चालतो, आणि दमट मुंबईत तोच माठ हिरमुसतो. कूलर आणि वाळ्याचे पडदे याच नियमावर चालतात. आपलं घाम येणारं अंगसुद्धा.

पण रांजण भरायला आधी पाणी आणावं लागतं, आणि आपल्या जैन घरांत आणलेलं पाणी तसंच ओतता येत नाही. दुहेरी फडक्यातून गाळायचं, फडक्यावर राहिलेली जिवाणी जपून परत त्याच विहिरीत सोडायची. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटांची, म्हणून व्रती माणसांसाठी पाणी उकळून ठेवायचं. म्हणजे वैशाखातल्या पहाटे सर्वांत आधी चूल पेटायची ती पिण्याच्या पाण्यासाठी! उकळलेलं पाणी परातीत पसरून निववायचं, मग माठात भरायचं. सूर्यास्ताआधी जेवण उरकून ज्यांना रात्री पाण्याचाही त्याग, ते सकाळपर्यंत घोट घेत नसत. मे महिन्यात सोलापुरात सूर्यास्त ते सूर्योदय जवळजवळ अकरा तास होतात. आपले दिगंबर मुनी तर चोवीस तासांत एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार आणि पाणी घेतात. तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या बावीस परिषहांमध्ये तृषा आहे आणि उष्णही आहे.

ही तहान मात्र स्वतः घेतलेली आहे, हे मला पुढच्या सगळ्या मजकुरासाठी तुम्ही लक्षात ठेवायला हवं. ज्याचा माठ भरलेला आहे तोच माठाकडे पाठ करू शकतो.

श्रीमंतांच्या गारव्याची हकीकत थोडक्यात सांगते, ती सगळीकडे लिहिलेली सापडते. अबुल फजलच्या 'आईने अकबरी'त सोऱ्याने पाणी गार करण्याची रीत दिली आहे. तोफेच्या दारूत पडणारा तोच सोरा, तो विरघळताना पाणी गार होतं. त्या पाण्यात सुरई फिरवत बसायचं. दरबार लाहोरला होता तेव्हा उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येई, होडीने, गाडीने आणि हमालांकरवी. वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारायची कल्पनाही त्याने अकबराच्या नावावर नोंदवली आहे. पुढे इंग्रजांच्या काळात बर्फ चक्क अमेरिकेतून येऊ लागला. १८३३ साली बॉस्टनहून निघालेलं 'टस्कनी' जहाज चार महिन्यांनी कलकत्त्याला लागलं, तेव्हा १८० टनांपैकी सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला बर्फघर बांधलं गेलं.

आणि साहेबांच्या बंगल्यात छताला टांगलेला झालरीचा पंखा. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर गेलेली असे आणि ती ओढणारा पंखेवाला व्हरांड्यात, म्हणजे उन्हाच्या झळांमध्ये बसलेला. हात दुखले की दोरी पायाला बांधायची. रात्री त्याला डुलकी लागली, पंखा थांबला, की आत झोपलेला साहेब घामाघूम होऊन उठे. मग लाथा. अशा मारहाणीत पंखेवाले मेल्याची प्रकरणं कोर्टात गेली आणि 'त्याची प्लीहाच आधी वाढलेली होती' असं सांगून गोरे आरोपी किरकोळ शिक्षेवर सुटले, हे त्या काळात इतक्यांदा घडलं की वर्तमानपत्रांतून त्यावर सतत लिहिलं जाई. विजेचा पंखा आल्यावर आपल्याला वारा मिळाला हे आपण सांगतो. त्या दोरीवरून एक माणूस उठला, हे माझ्या मते त्याहून मोठं झालं.

घरातून रस्त्यावर येऊ. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात रस्त्याकडेला सावलीसाठी वड लावले, आंब्याच्या राया केल्या, विहिरी खोदल्या आणि माणसं व जनावरं दोघांसाठी पाणी पिण्याच्या जागा केल्या असं त्याने सांगितलं आहे. जनावरांचा उल्लेख तिथं आवर्जून आहे. आपल्या महाराष्ट्रातली नोंद त्यानंतरची, पण मला जास्त जवळची. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने दिलेली दानं मोजली आहेत. तापी, दमण, डहाणूची दाहानुका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि त्या नद्यांच्या दोन्ही काठांवर सभा म्हणजे विसाव्याच्या जागा आणि 'प्रपा' बांधल्या असं त्यात म्हटलं आहे. प्रपा म्हणजे आपली पाणपोई, गुजरातीत परब. दोन्ही काठांवर, हे वाचून मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. नदी ओलांडून आलेल्यालाही तहान लागते हे त्याच्या ध्यानात होतं.

तो दान देणारा झाला. पाणी ओतायला कोण होतं? त्याचं उत्तर हालाच्या गाथासप्तशतीत मिळतं. त्या महाराष्ट्री प्राकृतातल्या एका गाथेत पाणपोईवरची मुलगी आणि पाणी पिणारा वाटसरू आहेत. एकमेकांकडे जास्त वेळ पाहता यावं म्हणून तो बोटं फटीत ठेवून पितो आणि ती धार बारीक करते. गंमत बाजूला ठेवली तर कळतं की पाणपोईवर बाई बसत असे आणि हे इतकं रोजचं दृश्य होतं की त्यावर शृंगाराची गाथा व्हावी. उषवदाताचं नाव दगडात आहे. तिचं नाव कुठेच नाही.

अक्षय्यतृतीयेला आपल्याकडे ऋषभदेवांचं पारणं असतं. हस्तिनापूरला राजा श्रेयांसाने त्यांना उसाचा रस दिला तो हा दिवस. याच दिवशी आपले हिंदू शेजारी पाण्याने भरलेला घडा दान करतात, कुणी छत्री, कुणी वहाणा देतात. वैशाखातल्या पुण्याचा हिशोब सगळ्यांचाच सारखा. पाणपोया घालण्यात आपल्या समाजातले व्यापारी नेहमी पुढे राहिले, याचा मला अभिमान आहे.

पण त्याच काळातली एक हकीकत मला ओलांडून जाता येत नाही. १९०१ सालच्या उन्हाळ्यात साताऱ्याहून काही मुलं वडिलांकडे निघाली होती. मसूर स्टेशनावर उतरली, न्यायला कुणी आलं नव्हतं. ती महार असल्याचं कळल्यावर गाडीवान मिळेना. अखेर एक बैलगाडी मिळाली ती दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनी स्वतः हाकायची, गाडीवान शेजारी चालणार. जवळ डबे भरलेले होते, पण पाणी नव्हतं. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितलं, तर नाकेदाराने दिलं नाही. मुलं उपाशीच झोपली, कारण पाण्याशिवाय घास उतरणार नव्हता. त्यातला एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

भरलेल्या माठाकडे पाठ करून घेतलेली तहान आणि ही तहान यांना एकच शब्द आहे, हे भाषेचं दुर्दैव म्हणावं लागेल. पाणपोईवर धार वरून धरायची, भांड्याला ओंजळ लागू द्यायची नाही, आणि काहींना तर धारही नाही, असं शतकानुशतकं चाललं. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, ते कागदावर. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर माणसं प्रत्यक्ष ओंजळभर पाणी प्यायली, आणि त्याबद्दल त्यांना मार खावा लागला. उन्हाळ्यात पूर्वी सगळं कसं छान होतं असं कुणी म्हटलं की मला हे आठवतं.

आजचं ऊनही सगळ्यांना सारखं लागत नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात तिथं एरवीपेक्षा १,३४४ माणसं जास्त दगावली, असं नंतर अभ्यासातून दिसलं. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. आधी इशारा द्यायचा, दवाखाने तयार ठेवायचे, पाण्याची सोय वाढवायची. पुढे गरीब वस्त्यांतल्या पत्र्यांना आणि छपरांना चुन्याचा पांढरा रंग दिला गेला. आमच्या पांढऱ्या मातीच्या माळवदाची आठवण मला इथं झाली. एका रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, तो खाली आणल्यावर उन्हाने आजारी पडणारी बाळं कमी झाली. पैशाचं नाही, डोक्याचं काम!

आणि १६ एप्रिल २०२३. नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर राज्य पुरस्काराचा सोहळा, लाखो श्रद्धाळू उघड्यावर बसलेले. १४ माणसं उष्माघाताने गेली. जवळच्या केंद्रावर तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. आपण सोलापूरकर ३८ ला उन्हाळा म्हणत नाही. पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. माठाचाच नियम. त्यामुळे किनाऱ्याकडे लग्नाला किंवा पंचकल्याणकाला निघालात तर नुसता आकडा पाहून निर्धास्त राहू नका. मंडपाला वर कापड आहे का, बाजूने वारा येतो का, पाणी बसल्या जागी मिळतं का, हे आयोजकांना आधी विचारा. कुणाची वाचा अडखळायला लागली, अंग तापून माणूस बरळू लागला, तर सरबत पाजत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

आमच्या गल्लीच्या तोंडाला महिला मंडळाची पाणपोई दर वर्षी गुढीपाडव्याला सुरू होते. तीन रांजण, वर गोणपाट, खाली वाळू. पितात ते रिक्षावाले, पार्सल आणणारी पोरं, झाडूवाल्या मावशी, कधी बाजारला आलेली पूर्ण एसटी. पेला साखळीला बांधलेला नाही, कुणीही बुडवून नाही तर नळ सोडून प्यावं. रांजण पहाटे सहाला आणि दुपारी एकला असे दोनदा भरावे लागतात, पाणी गाळून. हे काम गेली कित्येक वर्षं एकच बाई करत आल्या, आणि मंडळ त्यांना अक्षय्यतृतीयेला साडी देत असे. यंदा बैठकीत आम्ही त्यांचा अडीच महिन्यांचा पगार आधी बाजूला काढला. उरलेल्या पैशांत दोनच नवे रांजण बसले, तिसरा गेल्या वर्षीचाच आहे, थोडा पाझरतो.