५३ एन क्रमांकाची बाटली

 शाळेची सायन्स फेअर जवळ आली की आपल्या घरातल्या जेवणाच्या टेबलाचं काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे यंदा मेथीच्या दोन कुंड्या होत्या. एकीला साखरेचं पाणी, दुसरीला साधं. "बाबा, साध्या पाण्यावर मेथी येते हे सगळ्यांना माहीत आहे. मग ही दुसरी कुंडी कशाला?" लेकीचा प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी मी तिला १८९७ सालच्या भायखळ्याच्या तुरुंगात घेऊन गेलो. आज तुम्हालाही तिथे नेतो. मग तिथून पंजाबातल्या एका गावात जाऊ, कारण गोष्टीचा अवघड भाग तिकडे आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. काखेत नाहीतर जांघेत गाठ, फणफणून ताप आणि बहुतेकांचा काही दिवसांतच शेवट. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, येरसिन यांना हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण तो उंदरांवरच्या पिसवांमधून माणसांत येतो, हे अजून कोणी दाखवलं नव्हतं. त्यामुळे सरकारने घरांवर हल्ला चढवला. घरं धुवायची, सामान बाहेर काढायचं, रुग्णाला उचलून न्यायचं. पुण्यात तर गोरे सोजीर थेट माजघरात शिरले. त्यातून रँडचं प्रकरण घडलं, ते आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या.

सरकारने साथीवर उपाय शोधायला ज्यांना मुंबईत पाठवलं, ते होते वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६० चा, ओडेसातला. ज्यू असल्यामुळे रशियात पुढची वाट बंद झाली, म्हणून ते पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले. तिथे जागा मिळाली ती ग्रंथालयात साहाय्यकाची. पुस्तकं सांभाळता सांभाळता त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परदेशात आल्यावर आपल्यातल्या किती जणांनी शिक्षणाला न शोभणारी पहिली नोकरी धरली, ते आठवा, म्हणजे हा माणूस लगेच जवळचा वाटेल.

मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करायला जागा मिळाली. लस कशी बनायची, ते मुलांना जरूर सांगा. मांसाच्या पाण्यात जंतू वाढवायचे आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. हो, आपलं तूप! त्या थेंबांना धरून जंतूंच्या वसाहती झुंबरासारख्या खाली लोंबत वाढत. चंबू हलवला की त्या तुटून तळाशी बसत आणि वर नव्या येत. काही आठवड्यांनी सगळं द्रव तापवून जंतू मारायचे. मेलेले जंतू आजार देऊ शकत नाहीत, पण आपलं शरीर त्यांचा चेहरा लक्षात ठेवतं आणि पुढे खरा जंतू आला की सैन्य तयार असतं. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःच्याच अंगात घेतली. ताप आला, अंग दुखलं, पण जीव शाबूत राहिला.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जवळपास निम्मे कैदी लस घ्यायला पुढे आले, उरलेले निम्मे तसेच राहिले. एकच छप्पर, एकच अन्न, एकच काम. फरक फक्त सुईचा. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांत लागण जास्त झाली आणि माणसंही दगावली. लस घेतलेल्यांत मोजक्याच जणांना लागण झाली आणि तेही वाचले. ही झाली दुसरी कुंडी. ती नसती, तर वाचलेले लोक लसीमुळे वाचले की नशिबाने, हे कळलंच नसतं. (तुरुंगातल्या माणसाची संमती कितपत खरी असते, हा प्रश्न मला टोचतो. आज असा प्रयोग कोणी सहज करू देणार नाही आणि ते योग्यच आहे.)

पुढे लस लाखो लोकांपर्यंत गेली. आगाखानांनी प्रयोगशाळेला स्वतःचा बंगला दिला. १८९९ मध्ये ती परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये हलली.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ चा दिवस उजाडला. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या मुल्कोवाल गावी त्या दिवशी १०७ लोकांना पाच बाटल्यांमधून लस टोचली गेली. सुमारे आठवड्याने त्यांच्यातल्या काहींचे जबडे आवळू लागले. धनुर्वात. १९ माणसं गेली. ती सगळी एकाच बाटलीतून टोचलेली होती. बाटलीचा क्रमांक ५३ एन. बाकीच्या ८८ जणांना धनुर्वात झाला नाही.

चौकशी बसली. परळच्या प्रयोगशाळेने लस बनवण्याच्या पद्धतीत थोड्याच काळापूर्वी बदल केला होता. आधी लसीत कार्बोलिक आम्ल घालत, ते आता वगळून फक्त उष्णतेवर भर दिला होता. आयोगाने त्यावर बोट ठेवलं. बाटली परळलाच दूषित झाली असणार, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं आणि १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

माझ्या धंद्यात सिस्टिम बंद पडली की दुसऱ्या दिवशी मीटिंग होते आणि पहिला प्रश्न असतो, 'शेवटचा बदल कोणी केला?' बदल आणि बिघाड शेजारी दिसले की सगळ्या माना त्या बिचाऱ्याकडे वळतात. मीही वळवली आहे. दोनदा तरी चुकीच्या माणसाकडे.

मुल्कोवालच्या कागदांत दुसरंही काही होतं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. नियमाप्रमाणे तो ज्योतीवर धरायला हवा होता. त्याने तो नुसता जंतुनाशक पाण्यातून काढला आणि त्यानेच बूच ओढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि त्यांचे बीजाणू इतके चिवट असतात की अशा विसळण्याला ते दाद देत नाहीत. आता मुलांना विचार करू द्या. बाटली भरून ४१ दिवस झाले होते. जंतू परळलाच आत गेले असते, तर इतक्या दिवसांत ते आत वाढून द्रवाला घाण वास सुटला असता. पण टोचणाऱ्या डॉक्टरने बाटली हुंगून पाहिली होती आणि वास नव्हता. शिवाय साठलेलं विष थेट अंगात गेलं असतं, तर लक्षणं एक-दोन दिवसांत दिसली असती. इथे आठवडा गेला, म्हणजे जंतू माणसाच्या अंगात शिरल्यावर वाढले.

मलेरियाचं कोडं सोडवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ च्या जुलैत लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हेच मांडलं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हाफकिन दोषमुक्त झाले. पाच वर्षं गेली होती. ते कलकत्त्याला परतले, पण पूर्वीसारखं माणसांवर लस आजमावण्याचं काम त्यांना पुन्हा मिळालं नाही. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. १९३० मध्ये लोझानला ते वारले. पुढच्या भारतभेटीत दादर-परळकडे गेलात, तर आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन इन्स्टिट्यूटची ती जुनी वास्तू मुलांना दाखवा.

आता बालश्रोत्यांसाठी प्रश्न. भायखळ्याच्या तुरुंगात लस टोचली त्याच दिवशी काही कैद्यांना गाठी आल्या आणि हाफकिन यांनी त्यांची मोजणी वेगळी ठेवली. ही लबाडी झाली की बरोबर होतं, आणि का? आईबाबांची मदत न घेता उत्तर पाठवा. आलेली उत्तरं पुढच्या भागात वाचून दाखवू.